पाणमांजरांची गोष्ट कॅमेऱ्यापर्यंत कशी न्यायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सात जणांचा तुमचा गट नऊ वर्षं एकाच नदीतल्या पाणमांजरांवर काम करतो आहे. नोंदी चोख आहेत, पण गटाबाहेर कुणाला त्याचा पत्ता नाही. बारा वन्यजीव चित्रपटकारांना तुम्ही ईमेल लिहिले, दोघांची उत्तरं आली, त्यातला एक जण तीन दिवस येऊन शूट करून गेला आणि त्यानंतर ना फिल्म आली ना फुटेज. आता तुम्ही विचारता आहात की या लोकांशी जोडून घ्यायचं कसं, त्यांना पैसे द्यावे लागतात का, आणि एवढं करून फिल्ममुळे खरंच काही बदलतं का.

मी चित्रपटकार नाही आणि शास्त्रज्ञही नाही. गेली सतरा वर्षं या दोघांची गाठ घालून द्यायची आणि फिल्म पुरी होईपर्यंत दोघांच्या मध्ये उभं राहायचं, हे माझं काम आहे. तुमच्या नदीवर मी आलेले नाही, तिथली माणसं मला माहीत नाहीत, त्यामुळे यातलं काही तुम्हालाच तुमच्या परिस्थितीशी ताडून पाहावं लागेल. शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याच्या उत्तरावर बाकीची उत्तरं अवलंबून आहेत.

बदलतं. व्हेल शार्कचं उदाहरण घ्या. जगातला हा सर्वांत मोठा मासा. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची मोठ्या प्रमाणावर शिकार होत असे. वन्यजीव चित्रपटकार माईक पांडे यांनी ती चित्रित केली आणि २००० साली त्यांचा माहितीपट आला. २००१ मध्ये भारताने या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घेतलं, आणि २००२ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला. इतकं काम फिल्मने केलं. पण कायदा झाला म्हणून जाळ्यात अडकलेला मासा मच्छीमार लगेच सोडून देतो असं होत नाही, कारण मासा सोडायचा तर जाळं कापावं लागतं आणि जाळं म्हणजे त्याचं पोट. २००४ पासून किनाऱ्यावर वेगळी मोहीम चालली. रामकथाकार मोरारीबापूंनी या माशाला माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीची उपमा दिली. जाळं कापून मासा सोडणाऱ्याला जाळ्याची भरपाई मिळू लागली. मग मासे सुटू लागले, आणि आजवर शेकड्यांनी सुटले आहेत. फिल्मने दार उघडलं तेव्हा आत शिरून वर्षानुवर्षं काम करणारी माणसं तिथे हजर होती. तुमच्याकडे ती माणसं आधीच आहेत, सात. म्हणून मला तुमच्या प्रश्नात जीव वाटतो.

दुसरं उदाहरण नागालँडमधल्या दोयांग जलाशयाचं. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथे स्थलांतर करून आलेल्या अमूर ससाण्यांची जाळी लावून कत्तल चालली होती. एका हंगामात लाखाहून जास्त पक्षी मारले जात असावेत, असा नोंद करणाऱ्यांचा अंदाज होता. हे चित्रण नावाजलेल्या चित्रपटकाराने केलेलं नव्हतं. संवर्धकांनीच कॅमेरा हातात घेतला, जे दिसलं ते टिपलं आणि लगेच लोकांसमोर ठेवलं. त्यानंतर गावं, चर्च, वन खातं आणि संवर्धक एकत्र बसले. २०१३ च्या हंगामात तिथे शिकार झाल्याची नोंद नाही. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. कोणी काय थांबवायला हवं, हे चित्रणात स्पष्ट दिसत होतं.

आता तुमच्या ईमेलकडे येते. मसुदा प्रश्नासोबत दिलात हे फार बरं केलंत. त्यात जैवविविधता, परिसंस्था आणि जनजागृती हे शब्द वारंवार येतात. नदीवर नेमकं काय बिघडलं आहे ते मात्र चौथ्या परिच्छेदात, एका ओळीत आहे: वाळूउपशाने काठ ढासळून पाणमांजरांची बिळं जातात, आणि जाळी फाडतात म्हणून मच्छीमार त्यांच्यावर चिडून आहेत. तुमची सगळी गोष्ट त्या एका ओळीत आहे आणि ती वाचेपर्यंत समोरच्याने ईमेल बंद केलेला असतो. चित्रपटकार मिळत नाही ही अडचण नंतरची. आधीची अडचण अशी की ही फिल्म कुणी पाहायला हवी हे तुमचं तुमच्यात ठरलेलं नाही.

बसून ठरवा. वाळूचे परवाने देणाऱ्या अधिकाऱ्याने पाहायला हवी का? मग सहा-सात मिनिटं पुरतात. एकच काठ, उपशाआधीचा आणि नंतरचा, तारखेसकट, नकाशासकट. मच्छीमारांनी पाहायला हवी का? मग ती त्यांच्या बोलीत हवी, त्यांच्यातला एक जण तिच्यात बोलायला हवा आणि फाटलेल्या जाळ्याचं काय करायचं याचं काहीतरी उत्तर तुमच्याकडे तयार हवं. ते नसेल तर मच्छीमारांना फिल्म दाखवायला जाऊच नका, राग वाढेल. आणि सगळ्या जगाने पाहायला हवी असं म्हणत असाल, तर त्याला लागणारा वेळ आणि माणूसबळ वेगळंच असतं. बीबीसीच्या २०१७ सालच्या ‘ब्ल्यू प्लॅनेट २’ या मालिकेला चार वर्षं लागली, ३९ देशांत १२५ मोहिमा झाल्या. तुमचा काठ दोन वर्षांत जाणार असेल तर हा रस्ता तुमच्या कामाचा नाही.

तरी त्या मालिकेतलं एक दृश्य तुम्हाला सांगायलाच हवं, कारण ते तुमच्यासारख्याच माणसामुळे शक्य झालं. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटांवर अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्यांवर काम करणारी एक संशोधक पिल्लांनी ओकलेल्या अन्नातून निघालेले प्लास्टिकचे तुकडे मांडून दाखवते. एक पिल्लू मेलेलं असतं, आणि त्याच्या पोटाला आरपार भोक पाडणारी वस्तू असते दात कोरायची प्लास्टिकची काडी. समुद्रातल्या प्लास्टिकचे कितीही आकडे वाचले तरी लक्षात राहते ती काडी. कॅमेरावाल्यांना ती स्वतःहून सापडली नसती. रोज त्या घरट्यांपाशी जाऊन ओकलेलं अन्न चिवडणारं कुणीतरी तिथे होतं म्हणून ती जगाला दिसली.

माझ्या कामात हे मला फार लवकर शिकायला मिळालं. समुद्री कासवांवर अकरा वर्षं काम केलेल्या एका ताईंची मी एका चित्रपटकाराशी भेट घालून दिली. त्यांनी सादरीकरण आणलं होतं, आलेखांवर आलेख. पाऊण तास झाला. तो नम्रपणे ऐकत होता, पण वहीत एक अक्षर लिहीत नव्हता. निघताना त्याने सहज विचारलं, रात्री टॉर्च लावायचा नसतो, मग कासविणीची अंडी घालून झाली हे कळतं कसं? ताई म्हणाल्या, ऐकू येतं. खड्डा बुजवल्यावर ती अंग डावीकडे-उजवीकडे आपटून वाळू दाबते. थप, थप, थप. मी दूर वाळूत पडून राहते, आणि तो आवाज थांबला की मोजून थोडा वेळ जाऊ देते, मग उठते. चित्रपटकार परत खाली बसला आणि त्याने वही उघडली. पुढे त्या फिल्मची सुरुवात काळ्या पडद्यावर त्या थपथपीने झाली.

अशा गोष्टी तुमच्याकडे ढिगाने असणार. पाणमांजरांचं कुटुंब विष्ठेसाठी ठरावीक खडकांवर परत परत येतं. तुमच्यातल्या कुणाला तरी ती विष्ठा पाहून आज सकाळची की कालची हे कळतं, त्यात माशाचे खवले जास्त आहेत की खेकड्याची कवचं हे कळतं. पिल्लं बिळाबाहेर कोणत्या आठवड्यात दिसू लागतात आणि पहाटे कुटुंब कोणत्या वळणावर पाण्यात उतरतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरून येणाऱ्या माणसाला हे शोधायला दोन हंगाम जातील आणि तेवढे दिवस थांबणं कुठल्याही क्रूला परवडत नाही. चित्रपटकाराला तुमच्याकडून हवी असते ही माहिती, कुठे आणि केव्हा. पाणमांजर महत्त्वाचा प्राणी आहे हे त्याला पटवून देण्याची गरज नसते.

तेव्हा पुढचा ईमेल एका पानाचा लिहा. पहिल्या दोन वाक्यांत काय बिघडतं आहे आणि कोण ते थांबवू शकतं. मग वर्षाचं वेळापत्रक: पिल्लं कधी, उपसा कधी सुरू होतो, मासेमारी कधी जोरात असते. मग ज्याच्या नजरेतून गोष्ट सांगता येईल असा एक माणूस. तो तुमच्या गटातलाच असावा असं नाही. जाळी फाटूनही पाणमांजरांना हात न लावणारा एखादा म्हातारा मच्छीमार असेल तर त्याच्याबद्दल चार ओळी लिहा. परवानगी कोणाकडून लागते आणि साधारण किती वेळ लागतो हेही सांगा. याने समोरच्याला कळतं की तुम्हाला या कामातली व्यावहारिक बाजू कळते. सोबत फोनवर घेतलेल्या दोन-तीन क्लिप जोडा. फोन आडवा धरा, पंधरा सेकंद हलवू नका, झूम करू नका आणि मध्ये कुणी बोलू नका. पाणमांजर लांब आणि धूसर दिसलं तरी चालेल, नदीचा आवाज स्वच्छ यायला हवा.

पाठवायचं कुणाला, हेही बदला. तुमच्या यादीतली बारा नावं मी पाहिली, ती सगळी प्रसिद्ध आहेत आणि प्रसिद्ध माणसांचं वेळापत्रक पुढच्या दोन-तीन वर्षांचं ठरलेलं असतं. तुम्हाला आवडलेल्या निसर्गपटांच्या शेवटी येणारी श्रेयनामावली थांबवून वाचा. दिग्दर्शकाचं नाव सोडा. सहायक कॅमेरामन, ध्वनिमुद्रण करणारा, संशोधन सहायक यांची नावं टिपून घ्या. ही माणसं स्वतःची पहिली फिल्म शोधत असतात आणि एका जागी पुन्हा पुन्हा यायला तयार असतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा वाइल्डस्क्रीन हा निसर्गपटांचा महोत्सव १९८२ पासून आणि अमेरिकेतल्या वायोमिंगमधला जॅक्सनचा महोत्सव १९९१ पासून चालू आहे. तिथे संवर्धक आणि चित्रपटकार भेटतात हे खरं, पण प्रवासखर्चाचा विचार करता पहिल्या भेटीसाठी मी कुणाला तिथे पाठवत नाही. हातात रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी असेल तेव्हा जरूर जा. आणि फिल्मच हवी असा हट्टही नको. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कधी कधी वीस चांगली छायाचित्रं फिल्मपेक्षा जास्त काम करतात. संवर्धनासाठी काम करणाऱ्या छायाचित्रकारांची आयएलसीपी ही आंतरराष्ट्रीय संघटना २००५ साली सुरू झाली. धोक्यात आलेल्या एकाच ठिकाणी थोड्या दिवसांसाठी अनेक छायाचित्रकार उतरवायचे, ही त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे.

इथपर्यंतचं थोडक्यात: आधी प्रेक्षक ठरवा, मग त्या प्रेक्षकाला साजेशी लांबी आणि माध्यम, मग ते करू शकणारा माणूस, आणि त्याला पाठवा तुमचं वेळापत्रक. क्रम उलटा झाला की तीन दिवसांचे पाहुणे येतात.

पैशांचं उत्तर परिस्थितीवर आहे. तुम्ही पैसे देऊन फिल्म करवून घेतलीत तर काय दाखवायचं हे बहुतांशी तुम्ही ठरवता. चित्रपटकाराने स्वतः पैसे उभे केले तर गोष्ट त्याची असते. तुमच्या गटाच्या चुकाही तिच्यात येऊ शकतात आणि त्या येऊ द्यायची तुमची तयारी हवी. तिसरा मार्ग दोघांनी मिळून निधी मागण्याचा. छोट्या गटांना मी हाच सुचवते, कारण अर्ज लिहिता लिहिता दोघांचे विचार जुळतात की नाही ते कॅमेरा बाहेर निघण्याआधी कळतं. फुकट करून देतो म्हणणाऱ्याबद्दल मात्र सावध राहा. माणूस वाईट असतो असं नाही. पगाराचं काम आलं की त्याला तिकडे जावंच लागतं, आणि तुमची हार्ड डिस्क कपाटात राहते. तुमच्या बाबतीत असंच झालं असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

म्हणून कागद हवा. वकिली भाषेची गरज नाही, दोन पानं साध्या भाषेत पुरतात, पण ती शूटच्या आधी सही व्हायला हवीत. कच्च्या फुटेजची प्रत किती दिवसांत तुम्हाला मिळणार. ती तुम्ही कशासाठी वापरू शकता: प्रशिक्षण, अधिकाऱ्यांसमोर सादरीकरण, शाळा. दीड वर्षात फिल्म झाली नाही तर ते फुटेज तुम्ही दुसऱ्याला देऊ शकता का. रफ कट तुम्ही पाहणार आणि त्यातल्या तथ्याच्या चुका दुरुस्त होणार, एवढं नक्की लिहून घ्या. पण गोष्ट कशी सांगायची यावर हक्क मागू नका, कुठलाही चांगला चित्रपटकार तो देणार नाही आणि देऊ नये. जी माणसं पडद्यावर दिसणार त्यांची संमती त्यांच्या भाषेत घ्या, आणि फिल्म सगळ्यांत आधी त्यांना दाखवली जाईल हे कबूल करून घ्या. तो म्हातारा मच्छीमार फिल्म संपल्यावरही त्याच गावात राहणार आहे.

यातलं एक कलम मी स्वतः किंमत मोजून शिकले: जागा ओळखू न देणं. एका शिकारी पक्ष्याच्या घरट्यावरच्या छोट्या फिल्मची अंतिम तपासणी माझ्याकडे होती. गावाचं नाव काढलं, नकाशा काढला, क्लिपमधली जीपीएसची माहिती पुसली. ड्रोनचा एक शॉट फार सुंदर होता म्हणून ठेवला. त्यात मागे डोंगराची कड दिसत होती, आणि त्या भागात फिरणाऱ्या कुणालाही ती ओळखू यावी अशी होती. दोन आठवड्यांत त्या कड्याखाली कॅमेरे घेऊन माणसं जमू लागली. जोडीने घरटं सोडलं. त्या वर्षी पिल्लं झाली नाहीत. मंजुरीची सही माझी होती. तेव्हापासून त्या भागात न राहिलेल्या एकाला आणि राहिलेल्या एकाला अशा दोघांना मी प्रत्येक रफ कट दाखवते आणि एकच विचारते, ही जागा कुठली?

हा धोका किती मोठा असतो ते इंडोनेशियातल्या रोटी बेटावरच्या लांब मानेच्या कासवाने दाखवलं आहे. १९९४ साली स्वतंत्र प्रजाती म्हणून त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी त्याची इतकी उचल झाली की निसर्गात ते जवळजवळ संपलं. पाणमांजरांना कातड्यासाठीही मारतात आणि पिल्लांना पाळण्यासाठी पकडतात. तेव्हा तुमच्या फिल्ममध्ये बिळाचं तोंड आणि त्याच्या आसपासची ओळखीची खूण एका चौकटीत कधीही येऊ देऊ नका.

आणि एक गोष्ट तोंडी ठेवू नका, लिहाच: शूट थांबवायचा अधिकार कुणाचा. नाव लिहा. ते नाव तुमच्या गटातलं असू द्या. कुटुंब अस्वस्थ झालं, मादीने बिळाबाहेर येणं टाळलं की ती व्यक्ती हात वर करेल आणि कॅमेरा बंद होईल, वाद नंतर. आवाज वाजवून बोलावणं नाही, मासे टाकून आणणं नाही. चित्रपटकारांना उत्कट क्षण हवा असतो, त्यात चूक काही नाही, पण त्या मोहापायी काय होऊ शकतं हे १९५८ च्या एका अमेरिकी निसर्गपटात दिसलं. लेमिंग हे उंदरासारखे प्राणी कड्यावरून सामूहिक आत्महत्या करतात असं त्यात दाखवलं. प्रत्यक्षात ते प्राणी दुसरीकडून आणून कड्यावरून ढकलले होते. त्या फिल्मला ऑस्कर मिळालं, आणि लेमिंग आत्महत्या करतात हे आजही लोक खरं मानतात. खोट्या दृश्याचं निस्तरणं पुढे अभ्यासकांच्या वाट्याला येतं. तुमच्या पाणमांजरांनी महिनाभर जाळं फाडलं नाही तर फिल्ममध्ये तेच सांगू द्या, की महिनाभर फाडलं नाही.

राहिलं त्या तीन दिवसांच्या फुटेजचं. त्या माणसाला पुन्हा लिहा, रागाने नको. तारखा द्या, कोणकोणत्या वळणांवर त्याला नेलं होतंत ते आठवून लिहा आणि अधिकाऱ्यांसमोर दाखवण्यापुरती कमी दर्जाची प्रत मागा. बदल्यात त्याच्या प्रत्येक क्लिपमध्ये काय दिसतं, कोणतं कुटुंब, कोणती वेळ, याची नोंद करून देण्याची तयारी दाखवा. असं नोंद केलेलं फुटेज त्यालाही पुढे विकता येतं, त्यामुळे तो नाही म्हणेल असं मला वाटत नाही. प्रत आली की पाणमांजरांचे शॉट नंतर बघा. आधी ज्यात काठ दिसतो ते सगळे वेगळे काढा आणि त्यांच्यावर तारीख टाका. मग फोन घेऊन नदीवर जा, त्याच जागी, त्याच कोनातून उभे राहा आणि आजचा काठ टिपा.